भूकंपाची सायकल

तुरी काढणीला आल्या की मराठवाड्यात दोन धंद्यांना एकदम जोर चढतो. एक डाळमिलचा, दुसरा शिकवण्यांचा. पौषातल्या उन्हात तुरीच्या शेंगा वाळतात आणि त्याच दिवसांत बारावीची पोरंही वाळतात. दोन्हीकडे चाळण्या लागतात. चांगला दाणा वर राहतो, चुरी खाली पडते आणि चुरीचं काय झालं हे कुणी विचारत नाही. यंदाही नांदेडच्या चौकाचौकांत पोरांचे हसरे चेहरे फलकांवर चढलेत. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे त्या चेहऱ्यांतले काही ओळखीचे असतात. फलकावर न आलेले तर जास्तच ओळखीचे.

अशाच दिवसांत रविवारी सकाळी विलास येतो. विलास माझा मामेभाऊ, हाडांचा डॉक्टर. पन्नाशीच्या तोंडावर त्याला सायकलीचं वेड लागलं. डोंगरात चालवायच्या ज्या महागड्या सायकली निघाल्या आहेत, त्यातली तो दर दोनेक वर्षांनी नवी घेतो आणि जुनी मला देतो. त्याची उतरलेली सायकल घेऊन मी त्याच्याबरोबर विष्णुपुरीपर्यंत जाते. तिथून धरणाच्या कडेच्या कच्च्या वाटेनं पुढं, रानातून. शेतात तुरीच्या पेंढ्या उभ्या असतात, वाळल्या पाल्याचा खरमरीत वास नाकात जातो, आणि विलास मागून ओरडून मला त्या सायकलीचे गुण सांगत असतो.

गुण आहेत, नाही म्हणणार नाही. पुढच्या चाकाला धक्के गिळणारे दांडे आहेत. ब्रेक तबकडीचे, एका बोटानं लागतात. हँडल चांगलं रुंद आणि पुढचं चाक इतकं पुढं सरकवलेलं की कितीही उतार असला तरी तोंडावर आपटण्याची भीती नाही. टायरमध्ये ट्यूबच नसते. आत पांढरं, दुधासारखं काहीतरी भरलेलं असतं. काटा घुसला की ते भोकात जाऊन बसतं आणि भोक बुजतं. खाली उतरावंसुद्धा लागत नाही. दगड चाकाखाली आला होता हे तो मागे पडल्यावर कळतं. काही माणसंही अशीच असतात, सगळे धक्के दुसऱ्याच कुणीतरी गिळलेले. त्यांना आपण आनंदी स्वभावाचे म्हणतो. विलास फार आनंदी स्वभावाचा आहे.

मी जी पहिली चालवली तीही डोंगराचीच सायकल होती. पण तेव्हाची. तिला कुठंच स्प्रिंग नव्हती. रस्त्यावरचा प्रत्येक दगड मनगटात आणि मनगटातून दातांत यायचा. हँडल लांब पुढं काढलेलं, त्यामुळे डोकं कायम पुढच्या चाकावर. उतार लागला की ती बसणाऱ्याला फेकून द्यायला टपलेलीच असायची. ब्रेक दाबला की आधी किंचाळायचा आणि मग सवडीनं धरायचा. आताच्या गिअरला बोट लावलं की टक्कन जागेवर बसतो. तेव्हा अंगठ्यानं खटका सरकवायचा आणि साखळीची खरखर थांबेपर्यंत कान देऊन गिअर शोधायचा. हल्लीची सायकल चुका पोटात घालते. त्या सायकलीच्या पोटात काही राहत नव्हतं.

ती आली मदतीच्या ट्रकमधून. आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. दगडमातीच्या रुंद भिंतींची घरं, आणि त्या भिंतींचाच आम्हाला अभिमान होता. भूकंपात आई आणि माझा धाकटा भाऊ बंडू त्या भिंतीखाली गेले; मी आणि माझे वडील, आबा, बाहेर ओट्यावर झोपलो होतो म्हणून राहिलो. मग जगभरातून ट्रक आले. लोकरी कोट आले, गळ्यात बांधायचे पट्टे आले, उंच टाचांच्या चपला आल्या. शाळेसाठी सायकली आल्या. त्यात सगळ्या काळ्या, आपल्या नेहमीच्या, आणि एकच परदेशी, जाड टायरची, जांभळ्या रंगाची. वाटप कसं करायचं यावर गावाचं एक मत झालं होतं. ज्याच्या घरातली जास्त माणसं गेली, त्याचा नंबर आधी. भांडणं होऊ नयेत म्हणून. वरच्या वर्गांतल्या मुलांत सगळ्यात जास्त माझ्या घरचे गेले होते, दोन, म्हणून जांभळी मला. बाळू नावाच्या मुलाच्या घरी कुणीच गेलं नव्हतं, त्याला घंटीसुद्धा मिळाली नाही. तो रडत घरी गेला तेव्हा त्याच्या आईनं मला थांबवून सांगितलं, "तुझं नशीब चांगलं हाय बाई. आमच्यात कुणी न्हाई गेलं, आमाला कोन इचारतंय."

ती हे खरंच मनापासून म्हणाली होती.

भूकंपानंतर आमच्या भागात लग्नांचा सपाटा सुरू झाला, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नाही. ज्यांच्या बायका गेल्या त्यांना भाकरी थापायला कुणीतरी हवं होतं. आबांनीही दिवाळी होताच दुसरं लग्न केलं. नवी आई माझ्याहून थोडीच मोठी. पत्र्याच्या एका खोलीत नवी नवरी आणि जवळपास तिच्याच वयाची लेक. दोघींपैकी एकीला जायला हवं होतं. मला एक स्थळही आलेलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी, त्यांची बायको आणि मुलगी भूकंपात गेल्या होत्या. मी मात्र बारावीला होते, दहावीला शाळेत पहिली आले होते आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. आईचे भाऊ, म्हणजे विलासचे वडील, लातूरला आडत दुकानात मुनीम होते. ते मला न्यायला आले तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये, माझ्यासमोरच, बोलणं झालं.

"क्लासमधी अ बॅच नाहीतर ब," मामा म्हणाले. "त्याच्या खाली गेली तर भाऊजी, घेऊन जावा. घर लहान हाय आमचं."

"हाव," आबा म्हणाले. "तवर गुरुजींना थांबवतो मी."

गुरुजी थांबले. मी जांभळी सायकल एसटीच्या टपावर टाकून लातूरला आले.

तेव्हा लातूरला शिकवण्यांची नुकतीच लाट आली होती. नांदेडकडची, बीडकडची, परभणीकडची पोरं खोल्या करून राहत. एकेका खोलीत चौघं-पाचजण, पुस्तकांच्या उशा करून. आमच्या क्लासचे सर दर रविवारी परीक्षा घेत आणि सोमवारी गुणांप्रमाणे बॅच बदलत. अ, ब, क, ड. नुसती बसायची जागा बदलत नसे, सायकल लावायची जागाही बदले. अ बॅचच्या सायकली लिंबाच्या सावलीत, ब च्या पत्र्याखाली, क च्या उन्हात आणि ड च्या गटाराला लागून. सोमवारी सकाळी पोरं आपापल्या सायकली हातानं ढकलत एका रांगेतून दुसऱ्या रांगेत नेत आणि बाकीचे उभं राहून पाहत. सर म्हणायचे, "लाज वाटल्याशिवाय अभ्यास होत नाही." ड मध्ये गेलेल्याला सर पुढच्या आठवड्यात शिकवत नसत; घरी जाऊन निदान पास होण्यापुरतं वाचा, असं सांगत. आणि एक नियम फाटकावरच रंगवलेला होता. गैरहजर म्हणजे ड.

माझ्या सायकलीला रांगेत उभंच राहता येईना, कारण तिला स्टँड नव्हता. चिखल अडवायला पंखे नव्हते, साखळीला झाकण नव्हतं, मागे कॅरिअर नव्हतं. बनवणाऱ्यांनी ती डोंगरावरून मौजेनं खाली येणाऱ्यांसाठी बनवली होती. दप्तर, डबा आणि सलवार त्यांच्या डोक्यात नव्हती. साखळीनं माझ्या दोन सलवारी खाल्ल्या. "पोरीच्या जातीनं दांडीवरून टांग टाकायची," मामी म्हणायच्या, "लोकं काय म्हनतील?" लोक काय म्हणत ते मला ऐकू येत होतं. क्लासमधली पोरं मला भूकंप म्हणत. "ए, सरका, भूकंप आला." एकानं विचारलं होतं, "अजून एक माणूस गेलं असतं तर स्कूटर भेटली असती का गं?" आणि सगळे हसले होते. त्या पोराचा फलक नंतर शिवाजी चौकात लागला होता.

गंजगोलाईत रशीदभाईंचं स्कूटर पंक्चरचं दुकान होतं. त्यांनी तिला स्टँड लावला, स्कूटरच्या जाळीचा तुकडा वाकवून साखळीला झाकण केलं, कॅरिअर बसवलं, वर पितळी घंटी. डोंगरातली सायकल बाजारहाटाला जाण्याजोगी झाली. हवासुद्धा मला त्यांच्याकडेच भरावी लागे. आपल्या काळ्या सायकलींचा व्हॉल्व्ह वेगळा आणि हिचा स्कूटरसारखा, मध्ये बारीक खिळा असलेला. गल्लोगल्ली सायकलीचे पंप होते, पण हिला एकही लागत नव्हता. "सायकल हाय, पन हवा स्कूटरची पिते," रशीदभाई म्हणायचे. "नखरा लई हाय बेटा हिचा."

विलास तेव्हा मामांची जुनी काळी सायकल चालवायचा. चाकं उंच, ब्रेकला लोखंडी गज, वजन म्हशीएवढं. पण आज खरं सांगायचं तर लातूरच्या सपाट रस्त्यावर तीच बरी पळायची. माझ्या जाड टायरांचा नुसता आवाज मोठा होता. विलासला हे पटण्यासारखं नव्हतं. त्याला जांभळी हवी होती. एक चक्कर दे म्हणून तो मागे लागे आणि मी देत नसे. त्यात मी अ मध्ये आणि तो ब मध्ये. जेवताना मामी त्याच्या ताटात भाजी वाढता वाढता म्हणत, "आई न्हाई, घर न्हाई, तरी ती बघ. आन तू बघ." मामींना वाटे यानं पोरगा सुधारेल. असं ऐकून कुणी सुधारल्याचं मी शिक्षक म्हणून इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही.

तो रविवार तुरीच्या ऐन हंगामातला होता. डाळमिल जोरात चालू होत्या, रस्त्यावर भुश्शाची धूळ तरंगत होती. विलास आधीच निघून गेला होता. मी निघाले आणि अर्ध्या वाटेत मागचं चाक जड झालं. खाली उतरून पाहिलं तर टायर जमिनीला टेकलेला. एका सायकलवाल्यानं पंप काढून दिला. तो लागला नाही. दुसऱ्याचा लागला नाही. रशीदभाईंचं दुकान रविवारी उशिरा उघडे. क्लास तिथून काही फार लांब नव्हता. सायकल भिंतीला टेकवून मी पळत सुटले असते तर पोचले असते.

हे मला तेव्हाही कळत होतं. पण ती सायकल मला आई आणि बंडूच्या नावानं मिळाली होती. गावानं तसं मोजून दिली होती. तिला बेवारशासारखी लातूरच्या रस्त्यावर टाकून मी परीक्षेला कशी जाणार? आमच्या गावच्या कुठल्याही माणसाला विचारा, तोही हेच म्हणेल. शेजारच्या आजोबांनी मदतीत मिळालेला लोकरी कोट पुढं उन्हाळाभरही अंगातून काढला नाही. मी एका हातानं कॅरिअर उचलून धरलं आणि सायकल ओढत निघाले.

फाटकाला कुलूप होतं. आत पोरं पेपर लिहीत होती. सर फाटकापर्यंत आले, माझ्या घामाकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझी तर गिअरची ना? मग वरचा गिअर टाकायचा." आतून हसण्याचा आवाज आला. सरांनी ते विनोदानं म्हटलं होतं. कुलूप मात्र त्यांनी काढलं नाही.

दुकान उघडल्यावर रशीदभाईंनी चाक पाहिलं, ट्यूब पाहिली, कुठं काटा नव्हता. मग व्हॉल्व्हचं टोपण फिरवलं तर त्यातून तुरीच्या डाळीचा एक दाणा त्यांच्या तळहातावर पडला. टोपणात दाणा घालून ते आवळलं की तो खिळा दाबत राहतो आणि हवा हळूहळू जाते. "कुनीतरी दुश्मनी करून राहिलं बेटा तुझ्यासंगं," ते म्हणाले. मला क्लासमधल्या निम्म्या पोरांचे चेहरे आठवले. विलासचा आठवला नाही.

सोमवारी मी सायकल लिंबाखालून काढून गटाराकडे नेली. मामींनी सांगावा धाडला होता. दोन दिवसांनी आबा आले. मी सगळं सांगितलं, दाण्याचंसुद्धा. मामांनी मान खाली घातली. आबा म्हणाले, "खरं असंल पोरी. पन शब्द म्हंजे शब्द." शब्द त्यांनी मामांना दिला होता आणि गुरुजींना दिला होता. मला दिलेला नव्हता, त्यामुळे मोडायचा प्रश्न आला नाही. बोर्डाची परीक्षा मी गावाकडून दिली. पास झाले, नुसती पास. सायकल लातूरलाच राहिली, कारण लग्न होऊन जाणाऱ्या पोरीला दांडीची सायकल कशाला?

वैशाखात पत्र्याच्या शेडसमोर मांडव पडला. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी विलासला विचारलं, पोरगी तर हुशार होती, डॉक्टर होनार होती म्हनं? तेव्हा विलासनं मोठ्यानं सांगितलं, "अहो, म्याच टाकला होता डाळीचा दाना, तिच्या चाकाच्या टोपनात. गंमत म्हनून. म्हटलं जरा उशीर होईल. तर हिची थेट वरातच निघाली." पंगत खो खो हसली. मामी हसल्या. मी हळदीच्या अंगानं वाढत होते, मीही हसले. नवरी होते, दुसरं काय करणार होते?

गुरुजी वाईट नव्हते. त्यांच्या पहिल्या बायकोचं नाव सुमन. लग्नानंतर बरीच वर्षं ते "सुमन, पाणी दे" म्हणत आणि मी पाणी देई. पुढं त्यांची बदली नांदेडकडे इस्लापूरला झाली, तिथं त्यांनीच मला बाहेरून बी. ए. ला बसवलं, मग बी. एड. ला. हळूहळू ते माझं नाव शिकले. आता ते नाहीत, पण बाजारात कुणी सुमन म्हणून हाक मारली की माझीच मान वळते. विलास त्या वर्षी कसाबसा ब मधून अ मध्ये सरकला. सावलीत एक जागा मोकळी झाली होतीच. माझ्या सायकलीवर तो सगळं वैद्यकीय शिक्षण फिरला आणि शेवटच्या वर्षी ती वसतिगृहातून चोरीला गेली. त्याचं दुःख त्यानं मला मोठं पत्र लिहून कळवलं होतं.

अलीकडे अशा जुन्या सायकलींचंही एक वेड निघालंय. हौशी लोक त्या शोधून काढतात, त्याच काळातले सुटे भाग मिळवून पुन्हा पहिल्यासारख्या करतात. विलासनं पुण्याच्या माणसाकडून तशी एक मिळवली, जांभळीच, आणि चालवायची सोडून दिवाणखान्याच्या भिंतीवर लावली. पाहुणे आले की तो सांगतो, "अगदी माझी होती तशी. काय दिवस होते! ना सस्पेन्शन, ना डिस्कब्रेक, पण मजा होती." त्या सायकलीला स्टँड नाही, कॅरिअर नाही, साखळीला झाकण नाही. मी तिच्यासमोर सोफ्यावर बसून चहा पिते. मला राग येत नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. येतो. दर खेपेला येतो आणि मी बिस्किट खाते.

परवाच्या रविवारी विष्णुपुरीहून परत येताना विलास मला थेट त्याच्या घरी घेऊन गेला. घरी आल्यावर म्हणाला, "ताई, जरा आत ये. जुईशी बोल." जुई त्याची एकुलती एक, यंदा बारावीला. आता बॅच बदलल्याचं मोबाइलवर येतं, रांगेतून सायकल ढकलावी लागत नाही. एवढी सुधारणा झाली आहे. आदल्या दिवशी तिची बॅच खाली गेली होती. तेव्हापासून ती जेवली नव्हती.

ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. विलास दारात उभा राहिला, अंगात अजून सायकलीचे रंगीत कपडे. "आत्याला विचार," तो म्हणाला. "ती शिक्षिका आहे, तिनं शेकडो पोरं पाहिलीत. एका टेस्टनं काही होत नाही. सांग ना ताई हिला."

जुईनं तोंड वळवलं. डोळे सुजले होते. "खरंच, आत्या? एका टेस्टनं काही होत नाही?"

हो म्हणणं सोपं होतं. मी रोज शाळेत म्हणते, पोरांच्या आईबापांसमोर म्हणते, पगार घेऊन म्हणते. जुई मला आवडते. तिला बरं वाटावं असं मला वाटत होतं. पण दारातल्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका भाबडा, धुतलेला विश्वास होता की माझ्या तोंडून हो निघेना.

"होतं," मी म्हणाले. "माझं लग्न झालं."

विलास हसला. "हिचं काहीतरीच. अगं, ती चेष्टा करतेय."

जुई हसली नाही. "म्हणजे काय, आत्या? परीक्षा गेली म्हणून?"

"मला बसताच आलं नाही. का ते तुझ्या बाबांना विचार. ते फार छान सांगतात."

"बाबा?"

विलासनं माझ्याकडे पाहिलं. त्याला आठवत होतं. ती गोष्ट त्यानं आजवर लग्नामुंजीत कितीदा तरी सांगितली होती, नेहमी टाळी घेतली होती. तो पलंगाच्या कडेवर बसला. "अगं, आम्ही तुझ्याएवढेच होतो," त्यानं सुरुवात केली. सायकलीचं सांगितलं, तिच्या आजीच्या, म्हणजे मामींच्या, टोमण्यांचं सांगितलं, तुरीच्या हंगामाचं सांगितलं. जुई त्याच्या तोंडाकडे एकटक पाहत होती. टोपणापर्यंत आला, दाण्यापर्यंत आला. मग हसायची जागा आली आणि तो थांबला. खोलीत कुणी हसलं नाही.

"झालं?" जुईनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "विलास, पुढं सांग."